लॉनचा रोवणा

फोनवर माणसानं बढाई मारू नये. समोरासमोर मारलेली बढाई ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून आवरती तरी घेता येते. फोनवर चेहरा दिसत नाही, आणि एसटीडीचं मीटर पलीकडच्याचं पळत असतं, त्यामुळं आपण मोकळेपणानं बोलत सुटतो. माझं तसंच झालं.

आमच्या स्वातीचं नागपूरच्या ढोमणे साहेबांच्या रोशनशी जमलं होतं. मुलगा चांगला, दोघांची एकमेकांना पसंती, देण्याघेण्याचा विषय साहेबांनी स्वतःच बाजूला सारलेला. अडलं होतं एकाच गोष्टीवर, ती म्हणजे लग्न कुठं करायचं. ढोमणे साहेब बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आवाज असा, की रिसीव्हर वीतभर लांब धरला तरी स्वयंपाकघरात माझ्या बायकोला, गुलाबला, सगळं ऐकू जायचं. ते म्हणाले, "बोरकुटे, आमच्याकडे आता लग्नं हिरवळीवर होतात. छान लॉन असतं, वर खुर्च्या मांडलेल्या असतात. तुम्ही तिकडे सिंदेवाहीत रस्त्यावर मांडव टाकाल, धूळ उडेल, आमची मंडळी खोकत बसतील. लग्न नागपूरलाच उरकू."

स्वाती शेजारीच उभी होती. ती दोन्ही हातांनी नाही, नाही म्हणून खुणा करत होती. तिचं म्हणणं आम्हाला पाठ झालं होतं. लग्न माझ्या गावात, माझ्या दारात झालं पाहिजे. समोरच्या इंदुताईंचे गुडघे गेलेले, त्या काही नागपूरला येणार नाहीत. बाजूच्या कमरुद्दीनभाईंनी तिला लहानपणी खांद्यावर बसवून मंडईची जत्रा दाखवलेली, त्यांनी काय परगावी जाऊन पाहुण्यासारखं पंगतीला बसायचं? आणि शाळेतल्या तिच्या विद्यार्थिनी? ही पोरगी एरवी काही मागत नाही. तिनं एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि मला ती द्यायचीच होती.

"लॉन तर आमच्या घरीच आहे की," मी म्हणालो.

स्वातीचे खुणा करणारे हात हवेतच थांबले. आमच्या घराच्या बाजूला मोकळी जागा होती हे खरं. पण त्या घडीला तिच्यावर एक चाक नसलेली बंडी, धानाच्या तणसाचा ढीग आणि कमरेएवढं तरोट्याचं रान उभं होतं.

"घरचं लॉन?" साहेबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वा! मग दिवाळीनंतर साक्षगंध तुमच्याकडेच ठेवू. लॉन पाहू. चांगलं असेल तर लग्नही तिथंच. नसेल तर मात्र नागपूर."

मी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, हो म्हणून फोन ठेवला. गुलाब हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली.

"अजी, आपलं लॉन कुठी आहे?"

"येईल," मी म्हणालो.

आता लॉन ही वस्तू सिंदेवाहीत तोवर कुणी लावली नव्हती. पण मी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. पाण्याशी माझा उभा जन्म गेलेला, म्हणजे पाण्याच्या कागदांशी. गवताचं काय एवढं? चंद्रपूरच्या एका रोपवाटिकेतून मी मुळ्यांसकट गवताची पोती आणली. तिथल्या माणसानं "लावायला माझा कारागीर येईल" असं छातीला हात लावून सांगितलं. तो कारागीर अजून यायचा आहे.

तेवढ्यात पाऊस लागला आणि सगळीकडे धानाचे रोवणे, म्हणजे भाताच्या लावण्या, सुरू झाले. त्या दिवसांत आमच्या भागात मजूर मिळणं म्हणजे रेल्वेत खिडकीची जागा मिळणं. शेवटी गुलाबनं तिच्या माहेरकडच्या ओळखीनं सोमारीला गाठलं. सोमारी जंगलाकडच्या गावातली, रोवणा करणाऱ्या बायांच्या चमूची मुखिया. ती आपल्या बायांना घेऊन आली. जागा मी साफ करून, खणून, कशी छान भुसभुशीत करून ठेवली होती. तिनं ती एकदा पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, चिखल कुठी आहे?"

"चिखल कशाला?"

"आता माय! चिखलाबिगर रोवणा कसा होईन?"

प्रश्न बिनतोड होता. माझे आजे-पणजे सगळे धानवाले. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला सपाट जमीन दिसली की हात शिवशिवतात. तिला चारी बाजूंनी मातीची पाळ घालायची, पाणी कोंडायचं, नांगर फिरवायचा, पायांनी तुडवून तुडवून लोण्यासारखा चिखल करायचा, आणि मग काय लावायचं ते लावायचं. ही गोष्ट आम्ही शिकत नाही, ती आमच्या रक्तातच असते. मला तर स्वतःची लाज वाटली, की एवढी साधी गोष्ट आपल्याला बाईनं सांगावी लागली.

मग बैलजोडी आली. ती फाटकातून आत येताना फाटकाचा एक खांब बरोबर घेऊन आली. चिखलणी झाली. चारी बाजूंनी चांगली हातभर पाळ घातली. ती मी स्वतः घातली, आणि ऑफिसातल्या माणसाच्या हाताला अजून ही कला आहे हे शेजाऱ्यांनी पाहावं म्हणून जरा हळूहळू घातली. बायांनी लुगडी खोचली, रांग धरली आणि गाणी म्हणत म्हणत गवताचा रोवणा केला. पोटरीभर चिखलात वाकून इतक्या सुरेख ओळीत त्यांनी ते गवत लावलं, की रस्त्यानं जाणारा सुकलू सायकल थांबवून म्हणाला, "हरिदासभाऊ, धानाची कोन्ती जात आहे ही? पऱ्हे लय बारीक दिसून राह्यले."

"लॉन आहे," मी म्हणालो.

"नवीन दिसते," तो म्हणाला. "एकरी किती होते?"

या सगळ्या काळात एकच माणूस नाराज होता, आणि ते म्हणजे कमरुद्दीनभाई. त्यांचं बिछायत केंद्र आहे. गाद्या, लोड, सतरंज्या, खुर्च्या, मांडव, सगळं त्यांच्याकडून भाड्यानं मिळतं. आणि लोखंडी पायांचा, लाल रेक्झिनचा एक सोफा आहे, ज्याला ते 'महाराजा' म्हणतात. तो फक्त नवरदेव आणि पुढारी यांनाच देतात. लॉन हा त्यांना आपल्या धंद्याचा नव्हे, तर आपल्या प्रेमाचा अपमान वाटला.

"भाऊ, माह्याकडे हिरवा गालिचा आहे. पानी नको, खत नको. ब्रश मारला का हिरवा. स्वातीच्या साक्षगंधाले मी तो अंथरनार होतो. तुमी मधात गवत काऊन आनलं?"

पण माणूस मोठ्या मनाचा. कुरकुरत का होईना, बैलानं नेलेला खांब त्यांनीच परत रोवून दिला.

श्रावणात लॉन असं काही तरारलं की काय सांगू! बायका हळदीकुंकवाला येतात तसे लोक लॉन पाहायला यायला लागले. मी ऑफिसातून आलो की पाळीवर खुर्ची टाकून चहा प्यायचो. ढोमणे साहेबांना मी फोन करून हिरवेपणाचं वर्णन ऐकवलं. या वेळी मीटर माझं होतं, तरी ऐकवलं.

आणि भाद्रपद सरता सरता लॉन पिवळं पडायला लागलं.

आधी मध्ये एक ठिपका दिसला. मला वाटलं उन्हाचा कवडसा आहे. संध्याकाळी ऊन गेलं, कवडसा राहिला. मग तो वाढत वाढत काठापर्यंत आला. जगात दुसरीकडे कुठं गवत पिवळं पडलं तर लोक हळहळत असतील. आमच्याकडे लोकांनी माझं अभिनंदन केलं.

"पिकलं जी, हरिदासभाऊ!" सुकलू सायकलवरून ओरडला. "हलकी जात होती वाटते. पाखरं बसाच्या आधी कापून घ्या."

ऑफिसात तर विचारू नका. पाटबंधारे खात्यातल्या माणसाचं घरचं गवत वाळतं म्हटल्यावर सहकारी थोडेच सोडणार! "काय बोरकुटे, नहराच्या टेलले पानी पोचून नाई राह्यलं का?" असं रोज कुणी ना कुणी विचारायचं. मी हसण्यावारी न्यायचो, पण घरी येऊन बादल्या ओतायचो. पिवळं पडलं म्हणजे तहानलं. यात शंका घेण्यासारखं काय होतं? धान पिवळं पडलं की आपण पाणी सोडतो. पाळीवरून पाणी सांडेपर्यंत मी ओतायचो.

तरी पिवळं ते पिवळंच. उलट जास्तच.

मग मी शास्त्राची कास धरली. एका रुमालात माती बांधून माती तपासणीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं पेन उघडलं.

"पिकाचं नाव?"

"गवत."

"गवत पीक नाई."

"मग काय आहे?"

"तण आहे. तणाची तपासनी होत नाई. तण माराचं औषध सांगू शकतो."

"मला ते जगवायचं आहे."

बाबूनं पेन बंद केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला साप पाळायचा सल्ला विचारतो आहे. शेवटी त्याला माझी दया आली. त्यानं 'धान' असं लिहून माती ठेवून घेतली आणि पुढच्या खेपेला धानाच्या हिशेबानं युरिया टाकायला सांगितलं. मी टाकला. काकणभर जास्तच टाकला, कारण बाबूच्या धानाला साक्षगंधाची घाई नव्हती. गवताच्या शेंड्यांना त्यानं तपकिरी रंगाची किनार तेवढी आली.

कृषी खात्यातला एक ओळखीचा मनुष्य येऊन गेला. त्यानं गवत हातात घेऊन तुडतुडे शोधले, करपा शोधला, खोडकिडा शोधला. धानावरचा एकही रोग सापडला नाही म्हणून तो निराश होऊन, दोन कप चहा पिऊन गेला.

इंदुताईंचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "नजर लागली. साऱ्या गावानं पाह्यलं ना! दृष्ट काढा लागते." त्यांना उठवत नव्हतं, म्हणून खुर्ची पाळीवर मांडून त्या बसल्या, आणि मिरच्या-मीठ ओवाळून लॉनभोवती फिरायचं काम कमरुद्दीनभाईंवर आलं. ते बिचारे घमेल्यातल्या निखाऱ्यांवर मिरच्या टाकून लॉनला फेऱ्या घालत होते आणि इंदुताई बसल्या जागेवरून, "डावीकडून जी, डावीकडून!" असं ओरडत होत्या. वारा फिरला आणि मिरच्यांचा ठसका घराघरात शिरला. त्या संध्याकाळी आमची सगळी गल्ली शिंकली. लॉन तेवढं शिंकलं नाही.

दिवस जात होते. स्वाती शाळेतून आली की पाळीवर बसून पिवळ्या गवताकडे पाहायची आणि आत जायची. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिला एकदा मी म्हटलं, "होईल हिरवं." ती म्हणाली, "नाई झालं तं नागपूर. जाऊ द्या बाबा." ते 'जाऊ द्या' माझ्या इतकं जिव्हारी लागलं, की दसऱ्याच्या सुट्टीत मी पक्कं ठरवलं. घराबाहेर पडायचं नाही, खिडकीत बसायचं आणि या लॉनला होतंय तरी काय ते एकदा डोळ्यानं पाहायचं.

सकाळी माझं पाणी घालून झालं होतं. मी खिडकीत बसलो. थोड्या वेळानं गुलाब मागच्या दारानं आली, इकडे तिकडे पाहिलं, आणि तांदूळ धुतलेल्या पाण्याची आख्खी गुंडी लॉनवर रिकामी केली. ती गेली. मग समोरच्या घरातून इंदुताईंचा पाइप रस्ता ओलांडून आमच्या फाटकाखालून आत आला आणि बराच वेळ वाहत राहिला. त्याच्यामागून कमरुद्दीनभाई आले. त्यांनी गाद्यांच्या खोळी धुतल्या होत्या, ते निळसर पाणी त्यांनी पाळीवरून हळूच, देवाला नैवेद्य दाखवावा तसं, सोडलं आणि गवताला म्हणाले, "पी बेटा, पी." दुपारी खुद्द स्वाती आली. तिच्याही हातात बादली होती.

हे सगळे रोज येत होते. एकमेकांना चुकवून. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे लॉनकडे लक्ष देत नाहीत.

मला आधी भरूनच आलं. इतकं प्रेम! आणि तेवढ्यात तो बगळा उतरला. पांढराशुभ्र बगळा आमच्या लॉनच्या मधोमध एका पायावर उभा राहिला, मान लांब केली, चोच घातली आणि एक चांगला अंगठ्याएवढा खेकडा बाहेर ओढला.

लहानपणापासून मी बगळे पाहत आलो. बगळा बांधीत उतरतो, म्हणजे धानाच्या त्या पाळ घातलेल्या, पाण्यानं भरलेल्या तुकड्यात. बगळा कुणाच्या अंगणात उतरत नाही. मी खिडकीतून उडी मारायची तेवढी बाकी ठेवली. दारातून धावत बाहेर आलो, सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि गवतात दाबली. ती लोण्यात सुरी जावी तशी गेली, आणि ओढली तेव्हा पचक असा आवाज करून बाहेर आली. टोकाला काळानिळा गाळ. त्याचा वास आला आणि माझं सगळं बालपण डोळ्यांसमोर उभं राहिलं. तो बांधीचा वास होता.

आम्ही लॉन लावलंच नव्हतं. आम्ही बांधी केली होती. चिखलणीनं खालची माती अशी घट्ट बसली होती, की पाण्याचा थेंब खाली जायला वाट नव्हती. वरून हातभर पाळ, आणि त्यात सगळा मोहल्ला पाणी ओततो आहे. धान अशा पाण्यात मजेत उभं राहतं. त्या बिचाऱ्या गवताच्या मुळ्या कुजत होत्या, आणि ते पिवळं पडून ओरडत होतं, की मला वाचवा. आणि आम्ही म्हणत होतो, पी बेटा.

मी लगेच सगळ्यांना गोळा केलं आणि पाणी बंद केलं. यावरून गुलाबशी माझं कडाक्याचं भांडण झालं. "पिवळं पडलेल्याले पानी नाई द्याचं? उद्या तापलेल्या मानसाले म्हणान, पानी नको देऊ!" इंदुताईंनी पाइप गुंडाळून घेतला आणि दोन दिवस माझ्याकडे पाहिलं नाही. पण सगळ्यांनी ऐकलं. आम्ही पाळ फोडली. गल्लीतल्या झाडून सगळ्या सब्बली आल्या, कमरुद्दीनभाईंच्या मांडवाच्या खुंट्या आल्या, आणि खाली हवा जावी म्हणून आम्ही लॉनला भोकं पाडायला बसलो. एकदा आमची माणसं कामाला लागली की थांबत नाहीत. संध्याकाळी लॉन चाळणीसारखं दिसत होतं.

तरी त्याचा गुण आला. दिवाळीपर्यंत काठाकाठानं हिरवे कोंब दिसायला लागले. मधला भाग पिवळाच होता, पण वरून टणक झाला होता. चालता येत होतं. तेवढ्यात साक्षगंधाचा दिवस उजाडला.

मधल्या पिवळ्याचं काय करायचं? मी मुकाट्यानं कमरुद्दीनभाईंच्या दारात गेलो. त्यांची छाती फुगली. सकाळी उठून पाहतो तर हिरवा गालिचा अंथरलेला, काठानं हातभर खरं हिरवं गवत दिसेल असा बेतशीर. वर मांडव, खुर्च्या, आणि मधोमध, आजपर्यंत भाड्याशिवाय कुठं न गेलेला महाराजा सोफा.

"भाऊ, काही कमी नाई ठेवलं," ते म्हणाले. "गालिचा टाकाच्या आधी टँकर आनून मस्त पानी मारलं. धूळ उडाली नाई पायजे साहेबाच्या नाकात."

बिछायतवाला माणूस मांडव टाकण्याआधी पाणी मारतो. तो त्याच्या कामाचा पहिला नियम आहे, आणि नियम ते विसरले नव्हते. टँकरभर पाणी त्या असंख्य भोकांतून सरळ खाली गेलं होतं, आणि खाली चिखलणी केलेल्या मातीनं ते जपून धरून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात फाटकात जीप थांबली.

ढोमणे साहेब उतरले. अंगानंही ते आवाजाला शोभतील असेच होते. त्यांनी सगळीकडे पाहिलं.

"बोरकुटे, लॉन कुठाय?"

"गालिच्याखाली," मी म्हणालो.

"लॉनवर गालिचा?"

"आमच्याकडे दव फार पडतं," मी म्हणालो. दुपारचे बारा वाजायला आले होते.

साहेब "हं" म्हणाले आणि महाराजावर बसले. त्यांची मंडळी खुर्च्यांवर बसली. आम्ही मुलीकडचे समोर, खाली गादीवर. मुलाचा बाप वर आणि मुलीचा बाप खाली, हे आमच्याकडे कुणी सांगत नाही. ते आपोआप होतं. रोशन एका खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसला होता. साहेबांनी घसा साफ केला आणि नागपूरच्या हिरवळींवर बोलायला सुरुवात केली. कुठं कारंजी आहेत, कुठं दिवे आहेत, कुठं किती हजार माणूस बसतं.

मी मान वर करून ऐकत होतो. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की माझी मान आता पहिल्याइतकी वर नाही. आधी मला साहेबांच्या मिशा खालून दिसत होत्या, आता समोरून दिसत होत्या. मी सोफ्याच्या पायांकडे पाहिलं. ते नव्हते. गालिचा सोफ्यापाशी घडीघडीनं आत ओढला जात होता, आणि महाराजा अतिशय सावकाश, पुढाऱ्याला शोभेल अशा संथपणे, खाली जात होता.

ते सगळ्यांना दिसलं. गुलाबनं पदर तोंडात कोंबला. इंदुताईंनी माळ काढून जप सुरू केला. मांडवाच्या खांबाला धरून उभे असलेले कमरुद्दीनभाई पुटपुटले, "या अल्ला, माहा महाराजा." पण बोलणार कोण? मुलाच्या बापाला, तोही साक्षगंधाला आलेला, त्याला मुलीकडच्यांनी काय म्हणून सांगायचं? साहेबांचे एक मेहुणे तर खुर्चीचे मागचे पाय रुतल्यामुळं आकाशाकडे तोंड करून छान रेलले होते. त्यांना वाटलं खुर्ची आरामशीर आहे. साहेबांना स्वतःला कळलं होतं, हेही मला दिसत होतं. त्यांनी एका हातानं सोफ्याची कड घट्ट धरली होती. पण बँकेतला माणूस, खाली जातो आहे हे चारचौघांत कसं मान्य करणार? ते कारंज्यांवर बोलत राहिले. त्यांचे गुडघे छातीशी आले, गालिच्यातून पाणी वर येऊन बुटांशी लागलं, तरी ते बोलत राहिले. मी ऐकत राहिलो आणि 'वा, वा' करत राहिलो. माझ्या मनात आलं, संपलं, गेलं लग्न नागपूरला.

तेवढ्यात स्वाती पोह्यांचा ट्रे घेऊन आली. ती नमस्काराला वाकली आणि तशीच थांबली. मग तिनं ट्रे माझ्या हातात दिला.

"बाबा, तुमी खाली जाऊन राह्यले," ती म्हणाली. "उठा. हात द्या मले."

क्षणभर मला वाटलं मलाच म्हणते आहे. पण तिचा हात ढोमणे साहेबांपुढे होता.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कधीपासून जाऊन राह्यलो मी?"

"तुमी बसले तवापासून."

"मंग कोनी सांगतलं काऊन नाई?" साहेबांचं नागपूरचं इस्त्रीचं मराठी एकदम पार सुरकुतलं होतं.

"नवरदेवाच्या बापाले कोन सांगते जी, का तुमी बुडून राह्यले म्हून? सारे भेले. मले तुमचे बूट दिसले."

"लॉन आहे का पान्याची बोडी आहे हे?"

"लॉन आहे," स्वाती म्हणाली. "तुमचा फोन आला तवा नव्हतं. नंतर लावलं. मले इथीच लगन कराचं आहे, म्हून बाबानं लावलं, म्हून साऱ्यायनं पानी घातलं, म्हून पिवळं पडलं. आता तुमाले नागपूर म्हनाचं असन तं म्हना, पन आधी उठा."

पुढच्या क्षणी काय होईल ते मला सांगता आलं नसतं. साहेबांचं पोट हलायला लागलं. आधी वाटलं राग आहे. मग तो आवाज फुटला, तोच फोनमधला, वीतभर लांबून ऐकू येणारा. साहेब हसत होते. हसता हसता ते आणखी चार बोटं खाली गेले, तेव्हा रोशन, मी आणि स्वाती अशा तिघांनी मिळून त्यांना वर ओढलं. सोफा मात्र खालीच राहिला.

साहेब चिखलात उभे राहिले. स्वातीचा हात त्यांनी सोडला नव्हता.

"बोरकुटे," ते म्हणाले, "एवढ्या मानसायत या एका पोरीनं मले खरं सांगतलं, अन् सांगताना बाबा म्हटलं. लगन इथीच होईन. पन एक अट आहे."

"बोला इवाई," मी म्हणालो. व्याह्याला इवाई म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.

"या लॉनवर नाई. रस्त्यावर मांडव टाका. धूळ उडाली तं उडाली."

"मांडव माह्याकडून!" कमरुद्दीनभाई सोफ्याची कड दोन्ही हातांनी ओढत ओरडले. "पन साहेब, आधी हे काढू लागा ना जी!"

इंदुताई उरलेल्या पाळीवरच्या खुर्चीतून सूचना देऊ लागल्या. गुलाब डोळे पुसत पोहे पुन्हा गरम करायला आत गेली. आणि आम्ही दोन्हीकडचे पुरुष, पॅन्टी गुडघ्यापर्यंत दुमडून, लॉनमध्ये उतरलो.